देवाजी मिस्त्रीचे सहा दिवस

नंदनवन, नागपूर
सोमवार

प्रिय दीप्ती,

सप्रेम जय भीम.

तुझा फोन येऊन आठ दिवस झाले. येत्या रविवारी इथं नागपुरात तुझ्या प्रदर्शनाची फीत मीच कापावी असं तू म्हटलं, अन् मी "पाहू" म्हणून फोन तुझ्या मायच्या हातात दिला. तुले वाटलं असेल, बाबा लाजून राहिले. तुझी माय कांताबाई तर तेव्हापासून माझ्या मागं लागली आहे, नवा शर्ट शिवा म्हणते. मी अजून हो म्हटलं नाही. काहून नाही म्हटलं, ते फोनवर माझ्याच्यानं बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं बडोद्याले पाठवून राहिलो. शाळेतल्यासारखी शुद्ध मराठी लिहीन म्हणून बसलो होतो, पण दुसऱ्याच ओळीत माझी बोली आली. चालवून घे.

आधी एक बातमी सांगतो, हसशील. तुझा बाप कोर्स करून आला. गेल्या महिन्यात मेघा मॅडम म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या छपाईच्या स्टुडिओत रॅक बसवाले गेलो होतो. तिथं भिंतीवर कागद लागला होता की सहा दिवसांत लाकूड, लिनो, सुई अन् पुठ्ठा अशा चार तऱ्हेच्या छपाया शिकवू अन् शेवटी चारही एकाच कागदावर उतरवू. मी तो कागद तीनदा वाचला. तू इतकी वर्षं काय करते, कोणी विचारलं तर मी "चित्रं काढते" एवढंच सांगत आलो. लकडगंजच्या फर्निचर कारखान्यात पस्तीस वर्षांत लग्न-मयतीशिवाय सुट्टी घेतली नाही, ती सहा दिवसांची घेतली. शेठले सांगितलं, पाठ दुखते. मॅडमले सांगितलं, हौस आहे. माझी पोरगी हेच काम करते हे कोणालेच सांगितलं नाही.

वर्गात आम्ही आठ जण होतो. सगळे कॉलेजातले, मी एकटा टकल्या. पहिल्या दिवशी मॅडमनं प्रत्येकाले प्लायची एक फळी दिली अन् म्हणाल्या, हिच्याशी ओळख करून घ्या, मी चहा सांगून येते. त्या वापस येईपर्यंत मी माझी फळी पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली होती. मले वाटलं शाबासकी भेटेल. मॅडम डोक्याले हात लावून बसल्या. म्हणाल्या, काका, लाकडाच्या रेषाच तर छापायच्या होत्या, तुम्ही माझा अर्धा प्रिंट चहाच्या आधी पुसून टाकला. पोट्टे-पोट्टी पोट धरून हसले. मीही हसलो. सारी जिंदगी लाकडाचा खडबडीतपणा काढाचे पैसे घेतले, अन् इथं बाई म्हणते तोच ठेवा. मग तारेचा ब्रश घेऊन दुसऱ्या फळीच्या रेषा वर काढाले शिकलो. मऊ लाकूड ब्रशनं निघून जाते, टणक रेष राहते, अन् रोलरनं शाई लावली की ती रेष कागदावर येते. इतक्या वर्षांत लाकूड मले असं कधी दिसलं नव्हतं.

लिनो म्हणजे जाड रबरासारखी लादी, ती लोण्यासारखी कापल्या जाते, त्यात काही मजा नाही. सुईवालं काम मात्र कठीण. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर सुईनं ओरखडे मारा, त्यात शाई भरा, वरची पुसून घ्या, अन् ओला कागद ठेवून प्रेसमधून काढा. माझ्या जाड बोटांत सुई राहतच नव्हती. पुठ्ठ्याच्या दिवशी मी कारखान्यातला भुसा पुडीत बांधून नेला अन् पुठ्ठ्यावर चिकटवला, तर त्याची छाप अशी आली की मॅडमनं तिचा फोटो काढून ठेवला. अन् चारही छाप एकावर एक नेमक्या बसाव्या म्हणून सगळे अंदाजानं कागद ठेवत होते, ते मले पाहवलं नाही. मी गुण्या लावून लाकडाचा काटकोनी कोपरा ठोकून दिला, कागद त्यात सरकवला की झालं. तेव्हापासून सगळे मले मिस्त्री सर म्हणाले लागले. तुझ्या मायसमोर मी हे चार वेळा सांगून टाकलं.

पाचव्या दिवशी मात्र माझा कोपराही कामी आला नाही. सुईच्या छपाईले कागद ओला लागते, लाकडाच्या छपाईले कोरडा. ओला कागद फुगते, वाळला की आकसते, पावसाळ्यातल्या दारासारखं. माझी दुसरी छाप पहिलीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकून बसली. मी म्हटलं, मॅडम, हे होणारच नाही. कपाटातून एक प्रिंट काढून मॅडमनं टेबलावर ठेवला अन् म्हणाल्या, हे पाहा, बडोद्यात शिकलेल्या एका मुलीनं केलं आहे.

खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनच्या चिमण्या होत्या. वर धूर, अन् तो धूर म्हणजे नुसत्या लाकडाच्या रेषा. खाली कॉलनीच्या भिंती लिनोच्या, अन् मधात विजेच्या तारा सुईच्या, केसासारख्या बारीक. एक तार चिमणीमागं जाऊन पलीकडून निघत होती अन् कुठंच सरकली नव्हती. मॅडमनं समजावून सांगितलं की या मुलीनं सुईच्या छपाईनंतर ओला कागद चारही बाजूनं डिंकाच्या पट्टीनं पाटावर ताणून चिकटवला, तसाच वाळू दिला, म्हणजे त्याले आकसता आलं नाही, अन् त्या मापानं लाकूड कापलं. मी चष्मा पुसून सांधा शोधला. दाराच्या चौकटीतला सांधा मी हात फिरवून सांगतो, पण तुझ्या कागदावर मले तो सापडला नाही. खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, दीप्ती देवाजी. आडनाव लिहिलं नव्हतं, माझं नाव लिहिलं होतं. मी नळावर जाऊन तोंड धुतलं, तरी कोणाले सांगितलं नाही की ही माझी पोरगी. खूप वाटत होतं बेटा, छाती फुगली होती. बड्या लोकांच्या घरची दारं, जिने, पलंग केले मी, पण एवढं सफाईचं काम माझ्या हातून कधी झालं नाही. हे मी मिस्त्री म्हणून लिहून राहिलो, बाप म्हणून नाही.

मग माझा प्रिंट मी पुरा केला. पाण्याची टाकी अन् त्यावर बसलेला कावळा, तुझ्या मायले कोंबडा वाटला. एवढ्या चित्रापायी लाकूड कोराले मले सहापैकी साडेतीन दिवस लागले, मान आखडली, अंगठ्याले फोड आला. शेवटच्या दिवशी त्या वर्गातल्या एका पोरानं माझी फळी रद्दीतली समजून उचलली, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की सारा वर्ग वळून पाहाले लागला. नंतर माफी मागितली. घरी येतावेळी सारा रस्ता तेच मनात होतं.

आता मुद्द्यावर येतो. प्रदर्शनात भिंतीवर लावाचा मजकूर तू त्या दिवशी मले फोनवर वाचून दाखवला होता. "माझी पहिली कोरलेली फळी माझ्या बाबांनी नकळत रंधा मारून साफ केली. त्यांना चित्र दिसलंच नाही, लाकूड दिसलं." तू किती प्रेमानं वाचलं ते. ही गोष्ट तू तुझ्या सगळ्या मैत्रिणीले सांगितली, नातेवाइकांत सांगितली, लोक हसतात, मिस्त्रीची चूक म्हणतात, मीही मान हलवून हसतो. सात वर्षं झाली. त्या दिवशी तू खापरखेड्याहून अप्रेंटिसची कागदपत्रं दाखवून आली, कॉलेजच्या अर्जासोबत छाप पाठवाले दोनच दिवस उरले होते, अन् तुझी फळी तुझ्या मायच्या मिक्सरखाली साफ होऊन बसली होती. तू तिच्यावरून हात फिरवला, रडली, अन् मलेच समजावलं की जाऊ द्या बाबा, तुम्हाले काय माहीत. तुझं वर्ष गेलं. ते वर्ष तू पॉवर स्टेशनात अप्रेंटिस म्हणून काढलं.

पॉलिश पेपर घासला ती माझी चूक होती. तिथं हात आधी चालला, डोळे मागून आले. चूक अशी होते, हे मले त्या वर्गात समजलं. पण तुझ्या फळीवर त्या सकाळी माझे डोळे आधी गेले होते. मी फळी उचलली, अंगणात उजेडात धरली अन् नीट पाहिली. लकडगंजात ट्रकवरून सागाचे ओंडके उतरवणारे चार माणसं तू कोरले होते. डावीकडून दुसरा मी होतो. माझा वाकडा कोपर तू बरोबर धरला होता. ते पाहून मले बरं वाटलं नाही, मले भेव वाटलं. मशीनसमोर खुर्चीवर बसलेली, पगाराची, पेन्शनची माझी पोरगी मी मनात पाहून ठेवली होती, अन् ती फळी पाहून कळलं की ही इथं थांबत नाही. म्हणून मी रंधा मारला, बेटा. जाणूनबुजून मारला, अन् संध्याकाळी तू मले भोळा समजली तेव्हा भोळाच राहिलो. त्या चिमण्यांचा प्रिंट पाहताना एक घडी मनात आलं की ते वर्ष गेलं म्हणून तर तिले हे सुचलं. पण ते खोटं आहे. त्या वर्षाचं सोनं तू केलं, मी तर ते हिसकलं होतं.

आज सकाळी तुझ्या मायले सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिनं विळी बाजूले सारली. मग म्हणाली, आधी तिले लिहा, मग माझ्याशी बोला. म्हणून लिहिलं. नकळत हा शब्द भिंतीवर लावू नको, अन् माझ्या हातून फीत कापवाची की नाही ते तू ठरव. फोनवर उत्तर मागत नाही. रविवारी अकराले तुझी माय आत येईल. मी गॅलरीच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूले उभा राहीन. तू दारात येऊन हात केला तर येईन. नाही केला तर तुझं काम मी मॅडमच्या टेबलावर पाहिलं आहे, तेवढं मले पुरे, मी बसनं घरी वापस जाईन.

तुझाच,
बाबा