मोनाच्या वडाची फांदी

१० जून, मंगळवार

मोडली! सुनेच्या वडाची फांदी मोडली अन् सारा मोहल्ला मायाच तोंडाकडे पाहून राहिला.

रोडवरचा मोठा वड रस्ता रुंद करताना कापला. यंदा वटसावित्रीले फेरे कुठं मारायचे? शेजारची मनकर्णाबाई म्हणते, "कुंताबाई, तुमच्या मोनाच्या कुंडीत आहे न वड!" आहे. हातभर! बोन्साय म्हणे. तारा गुंडाळून, मुळ्या छाटून बुटका ठेवलेला. काय त्याचा तोरा! पण वड तो वड. अंगणात स्टुलावर ठेवला. आल्या साऱ्या नटून.

मोना सकाळीच म्हणाली होती, "मी उपवास नाही करत, आई. पूजा करा, पण झाडाले सूत नका गुंडाळू." अन् गेली साकोलीले, पतसंस्थेत नोकरीवर. नवऱ्यासाठी एक दिवस भुकी राहवत नाही महाराणीले! माया पोरगा मंगेश तिकडे नागपुरात एकटा मेसचं जेवते. तिच्या नावाचा उपास मंग मीच धरला, फेरेही मीच मारले. सूत अडकलं, मी हिसका देल्ला — अन् फांदी बुडातून चिरली.

"अपशकून झाला व माय," मनकर्णाबाई म्हणते. तोंड पाहा! प्रसादाचे आंबे मात्र नाही सोडले तिनं.

११ जून

 काल मोनानं आल्या आल्या फांदी पाहिली, पर्स खांद्यावर तशीच, अन् बसली अंगणात. पांढरा चीक गळत होता. चीर जुळवली, पट्टी बांधली, खालून काडीचा टेकू देल्ला. दवाखान्यात पेशंटले नाही बांधत असं!

म्हटलं, "लेकरू आहे काय तुयं?"

"लग्नाच्या आधीपासून वळवून आणली ही फांदी, आई."

बस. एवढंच बोलली. फांदी वळवत बसली म्हणे! संसार कोण वळवीन?

१५ जून, रविवार

मंगेश याही रविवारी नाही आला. मोनाले विचारलं, काहून नाही येत? "त्यालेच विचारा." उर्मट! फोन लावला तर म्हणते, "मीटिंगमध्ये आहे, आई." रविवारी!

१९ जून

बॅग काढली तिनं. अड्याळले माहेरी जातो म्हणते, किती दिवस ते सांगत नाही. म्हटलं, "जा न! झाडही घेऊन जा."

जाऊ दे. मले काय? मी भिंतीसंग बोलीन.

तिच्या मागं कुंडीत पाणी मीच टाकतो. वाळलं तर म्हणतीन सासूनं मारलं. म्हणून.

२७ जून

मोना आज उरलेलं सामान न्यायले आली. फांदी काळी पडली होती. पट्टी सोडली तर आतून भुसभुशीत. म्हटलं, अजून बांधून पाहू. मोना म्हणते, "नाही, आई. ठेवली तर सड खोडात उतरते." कात्री घेतली. फांदीले लावली, मांगं घेतली, पुन्हा लावली! म्हटलं, "दे इकडे, मी कापतो."

"नाही. मीच कापतो."

कापली. खोडाले लेप लावला. मंग तिथंच बसून रडली. एका फांदीसाठी! "येडी झाली काय व?" म्हटलं.

"फांदीसाठी नाही रडून राहिली, आई."

अन् सांगितलं. मंगेशनं नागपुरात दुसरी बाई ठेवली. दिवाळीपासून. तिले दिवस गेले. मोनाले म्हणते, गुपचूप सोडचिठ्ठी दे. म्हणून अड्याळ. "तुमच्यापाशी कोणत्या तोंडानं राहू? तुम्ही त्याच्यासाठी उपाशी बसल्या होत्या."

म्हटलं, खोटी आहेस! तिच्यासमोरच फोन लावला. उचलला बाईनं. "कोण जी? ते आंघोळीले गेले."

मी नाव नाही सांगितलं.

मी वटसावित्रीले त्याच्या आयुष्यासाठी उपाशी राहिली दिवसभर, अन् तो तिथं आंघोळ करून राहिला! मेसचं जेवते म्हणे! थू.

२८ जून

मंगेशचे सारे कपडे बोऱ्यात भरले, नागपूरच्या बसवर कंडक्टरजवळ देल्ले. फोनवर सांगितलं — घेऊन जा स्टँडवरून, इकडे पाय नको ठेवू. मोना कुठं नाही जात. मी जाऊ देत नाही.