मान टाकलेला बो

चिमणे,

क्षणभर डोळ्यांसमोर आण: तुझ्याच वयाची एक मुलगी, नाकाला पिठीसाखर लागलेली, आणि तिच्यासमोर केकवर लावायचा, साखरेच्या फॉन्डंटचा रिबिनीसारखा बो मान टाकून पडलेला. ती तुझी आई. लवकर कडक व्हावा म्हणून तिनेही तो तुझ्यासारखाच फ्रिजमध्ये ठेवला होता. फ्रिजमधून काढल्यावर फॉन्डंटला घाम फुटतो आणि तो मऊ पडतो.

आईच्या केकसाठी केलेला तुझा बो मी सकाळी पाहिला. रडू नकोस. ती उद्या संध्याकाळी घरी येईल, निदान डॉक्टर तसं म्हणालेत. आज मी दवाखान्यात तिच्याजवळ थांबतोय. मावशी घरी आहे.

नवा गोळा घे आणि त्यात डबीतली घट्ट करणारी पावडर चिमूटभर मळ. पट्ट्या फार पातळ लाटू नकोस. बोच्या दोन्ही कानांत टिश्यूचे बोळे भर आणि तो उद्यापर्यंत पंख्याखाली राहू दे. कितीही हात शिवशिवले तरी बोळे आज काढायचे नाहीत.

तर तुझी आई. मी तिला म्हणालो, "जाऊ दे गं, बो नसला म्हणून केक काही कडू लागत नाही."

"बाबा, तुम्ही बाहेर बसा बरं!"

तिने नवा बो वळला आणि स्वयंपाकघराच्या दारातच स्टूल टाकलं. मी चहाला आलो तर म्हणे, "वाफ चालायची नाही. पाणी प्या." आणि बो खडखडीत वाळेपर्यंत तिने घरात कुणालाही चहा करू दिला नाही.

आजोबा