ड्रोन मीच उडवला

३ जून

मानांग नेनिता,

आणि पुन्हा तेच! "धाकटा तिकडं मजा मारतो आणि मोठी बहीण घर ओढते," असं साऱ्या गल्लीसमोर बोललीस म्हणे. बोल. वादळात तातायच्या होडीचं इंजिन गेलं, म्हातारपणी बाप वल्ही मारतोय, ते काय माझ्यामुळं? वादळ मी पाठवलं होतं? आणि गावी सान हुआनच्या जत्रेला येणार का, हे सारखं विचारू नकोस. नाही येत. नानायचा आईचा जीव; तिला सांग, बोटीवर पर्यटकांची गर्दी आहे.

तुम्ही सगळे बरे असाल. मीही बरा. दोन वेळा भात आणि सुकी मासळी मिळते, फुकट. सध्या बोटीवर नाही.

इथल्या पक्ष्यांच्या बेटाबद्दल तुला सांगितलं होतं. अंड्यांच्या दिवसांत तिथं पाय ठेवायचा नाही, वरून ड्रोन न्यायचा नाही. पाटीवर चित्रच आहे, लाल काट मारलेलं. तिसरीत शाळा सोडलेल्यालाही कळतं. गेल्या महिन्यात मनिलाहून एक फोटोवाला लग्नाचं जोडपं घेऊन आला. मी म्हटलं, "सर, इथं नको." तर म्हणतो, "दोन मिनिटं रे! पक्ष्यांना काय कळतंय?" बोटीचा मालक इसागानी माझ्यावर डोळे वटारतो. मी नांगर टाकला.

ड्रोन वर गेला आणि सगळे पक्षी एकदम उठले. त्यांना तो ससाणाच वाटला असणार. आभाळभर ओरडा, मानांग. नवरी टाळ्या वाजवत होती. मग एक पक्षी ड्रोनच्या पात्यांत सापडला आणि ड्रोन अंड्यांत कोसळला. इसागानी ओरडला, "पळ, आण! नाहीतर पगारातून कापीन." मी पळालो. अंडी वाळूच्याच रंगाची. पायाखाली काय फुटतंय ते कळत होतं, तरी पळालो.

पक्षी परत बसलेच नाहीत. उरलेली अंडी भर उन्हात वाळूवरच शिजली.

कार्दो म्हणून बेटाचा म्हातारा पहारेकरी आहे, तो आला. वाळूत पावलं एकाचीच, माझी. तेव्हापासून मी कोठडीत आहे. लिहिलं एकदाचं.

उद्या सुनावणी. फोटोवाल्याचा माणूस येऊन गेला. मी म्हणायचं, ड्रोन मीच उडवला, हौसेनं. दंड ते भरणार, तुरुंग मी भोगायचा. सहा महिने म्हणतात, जास्तही असेल.

काल कार्दो गजांशी उभा राहून म्हणाला, "काय रे पोरा, साधा फोन तुला दुसऱ्यानं लावून द्यावा लागतो, आणि ड्रोन उडवलास?"

"शिकलो."

"खोटं तरी धड बोल, गाढवा. खरं सांग, मी तुझ्या बाजूनं उभा राहतो. नाहीतर तो फोटोवाला उद्या दुसऱ्या बेटावर जाईल."

बरोबर बोलतो म्हातारा. पण खऱ्यानं इंजिन येतं का? आता पावसाळी वारा सुटेल. नुसत्या वल्ह्यांवर ताताय किनाऱ्याला लागेल, अशी खात्री तू देतेस? दे, मग उद्या खरं बोलतो. पण हे पत्र तुला मिळेपर्यंत माझं बोलून झालेलं असेल.

तातायला सांग, मला बढती मिळाली. इंजिन नवंच घे, कुणाचं वापरलेलं नको. पैसे फोटोवाल्याचा माणूस तुझ्या नावानं पाठवतोय. कुठून आले ते तुझ्यापाशीच ठेव, आणि गल्लीत मला अजून हवं तेवढं बोल.

तुझा मजा मारणारा भाऊ,
जुनरी

पाठवले: चाळीस हजार पेसो.