मेलेलं धुराडं

३ जून, ट्रॉम्सो बंदर

आज 'क्रिक्ये' जहाजावर पाऊल ठेवलं आणि मन अगदी हलकं झालं. ऊन लख्ख, पाणी आरशासारखं, आणि माझ्या केबिनला चक्क खिडकी!

बारा वर्षं मी चौकाचौकांत घसा फोडून सांगत आले की समुद्राचा तळ कुणाच्या बापाचा नाही. दोन मंत्र्यांना भर सभेत घाम फोडला. शेवटी एवढं तरी पदरात पडलं: धातूंसाठी तळ खोदायला निघालेल्या प्रत्येक जहाजावर एक स्वतंत्र निरीक्षक असेल, आणि त्या निरीक्षकाची सही झाल्याशिवाय ड्रिल खाली जाणार नाही. आमच्या चळवळीतल्या लोकांनी एकमताने माझं नाव दिलं. ओरडायचे दिवस संपले, हाल्दिस. आता डोळे उघडे ठेवायचे, बस्स.

६ जून

आम्ही सतरा जण. पहिले दोन दिवस मी मेसमध्ये शिरले की बोलणं बंद पडायचं. ओड्मुंड, खोल पाण्यातलं यंत्र वर बसून चालवणारा म्हातारा, मुद्दाम मोठ्याने म्हणाला, की आली बघा देशाची सदसद्विवेकबुद्धी, बिस्किटं लपवा रे. मी म्हटलं, बिस्किटं नकोत, तुझी खुर्ची दे. त्यावर सगळे हसले.

आज शनिवार म्हणून तांदळाची खीर होती. तूरिद, आमची स्वयंपाकीण, माझ्या वाटीत लोण्याचा गोळा जरा मोठाच टाकून गेली. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं माणसं माझ्याशी भांडत आली. लाड कुणी केले नव्हते.

९ जून

पोचलो. वर तुकड्यातुकड्यांचा बर्फ, खाली तीन हजार मीटरवर समुद्राच्या कण्यातला, म्हणजे तळाच्या डोंगररांगेतला, ज्वालामुखी. सगळे त्याला 'म्हातारी' म्हणतात. तिच्या उतारावर दगडी धुराडी उभी आहेत. काहींतून उकळतं काळं पाणी फसफसतं आणि त्याच्या उबेवर आंधळे जीव जगतात. परवान्याची अट साधी आहे: जिवंत धुराड्याला हात लावायचा नाही, मेलेल्याला लावता येतो. कुठलं मेलेलं, ते मी सांगायचं.

इथे एक गंमत चालते. यंत्राला जाळीची पिशवी बांधतात आणि तिच्यात थर्माकोलचे पेले, प्रत्येकावर एकेकाचं नाव. खालच्या दाबाने ते अंगठ्याएवढे होऊन वर येतात. नवख्याचा पेला पहिल्याच खेपेला जातो. मी ठळक अक्षरांत 'हाल्दिस' लिहून दिलं.

११ जून

नीट लिहायला हवं.

पडद्यावर अकरा मीटर उंच धुराडं होतं. काळं, गप्प. पण बुडाशी एका भेगेवरचं पाणी थरथरत होतं, तापल्या तव्यावरची हवा थरथरते तसं. ओड्मुंडने यंत्र थांबवलं आणि हळूच म्हणाला, अगं, ही श्वास घेतेय.

मोहिमेची प्रमुख सुनिव्हा म्हणाली की ती यंत्राच्या पंख्यांनी ढवळलेली धार आहे. तापमापक बिघडलेला. दुरुस्त करून पुन्हा उतरायचं तर तीन दिवस जाणार, तोवर बर्फ अंगावर येणार, तेवीस जूनला, सांक्तहान्सच्या सणाच्या होळीला कुणी घरी पोचणार नाही. कुणी मला धमकी दिली नाही. दिली असती तर मी वाघिणीसारखी उठले असते. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आपल्या माणसाकडे पाहावं तसं.

मी लिहिलं: धुराडं निष्क्रिय. जीव आढळला नाही. खाली सही.

टाळ्या पडल्या. ओड्मुंडने वाजवल्या नाहीत.

तासाभराने पिशवी वर आली. सगळ्यांचे पेले इवलेसे, पांढरेशुभ्र. माझाही. पण माझ्या पेल्याच्या आत पांढरी, मऊ लोकर होती. कोमट. बोट लावलं तर अंग चोरून हलली.

कागद अजून टेबलावरच होता. फाडता आला असता. मी पेला मेसच्या नळाखाली धरला, अंगठ्याने पुसला आणि बाकीच्यांच्या माळेत ओवून टाकला. तेवढंच केलं मी.

१४ जून

ड्रिल चालू. वर आलेले दगडाचे दंडगोल डेकवर ठेवलेत. बर्फ भुरभुरतोय, त्यांच्यावर मात्र टिकत नाही. पोरं त्यांवर हातमोजे वाळवतात.

मेसमधली पेल्यांची माळ लोकरीने भरली आहे. ती एका पेल्यातून दुसऱ्यात गेली आहे. तूरिदच्या लाकडी डावावरही. मी दाखवलं. तिने डाव नाकाशी धरला आणि म्हणाली, की घासलाय गं बाई, किती चिकित्सा!

तिला दिसत नव्हती. त्याच डावाने तिने मला वाढलं.

१६ जून

सुनिव्हाच्या पापण्यांवर लोकर. बोलताना ती ओठांवरूनही लोंबत होती. मी विचारलं, काही होतंय का? ती हसून म्हणाली की मस्त ऊब वाटतेय, आणि हाल्दिस, आता तरी शंका सोड, इथे जीव नाही, सही तुझीच आहे ना?

केबिनमध्ये येऊन मी तोंड उशीत खुपसलं. आजवर किती जणांना मी व्यासपीठावरून विकाऊ म्हटलं असेल. त्यांना निदान काहीतरी मिळालं होतं. मी लोण्याच्या गोळ्यावर गेले.

१७ जून

परतीला लागलो.

ओड्मुंड आला, दार लावलं. त्यालाही दिसते! म्हणाला की मी यंत्र हाकणारा, माझं कोण ऐकणार. ही माणसं तुझ्या कागदाच्या डोळ्यांनी बघतायत. जिने नाही म्हटलं तिनेच आहे म्हणायला हवं. सगळ्यांसमोर. किनारा लागायच्या आत, नाहीतर हे गावात उतरेल. आणि लवकर कर गं, कारण मलाही मधूनमधून दिसेनासं होतंय.

मी शब्द दिला. उद्या.

१८ जून

उभी राहिले. मेस भरलेली. सगळ्यांनी जेवण थांबवून माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने. पंधरा पांढरी तोंडं, सोळावा ओड्मुंड. हजारोंच्या सभेत न अडखळलेली जीभ—

मी म्हटलं, वॅफल फार छान झालेत.

टाळ्या. ओड्मुंड ताट तसंच टाकून निघून गेला.

१९ जून

ओड्मुंडने खांद्यावर हात ठेवला. बोटांमधून लोकर. म्हणाला की तुझंच खरं होतं पोरी, मेलेलंच होतं ते, मी उगाच तुझ्या डोक्याला ताप दिला.

मी त्याला हलवलं. मी ओरडले. तो हसत राहिला. डोळे सगळे—

एक दिवस. एकच दिवस उशीर.

२० जून

सांगितलं! सगळ्यांसमोर. पाणी थरथरत होतं, पेल्यात जीव होता, मी तो लपवला, मी खोटं लिहिलं.

कुणी रागावलं नाही. सुनिव्हाने अहवाल आणला आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, आजारी माणसाला समजवावं तसं. मग सगळे ते एकत्र म्हणू लागले. माझं वाक्य. हळू आवाजात. सोळा जण. एकाच श्वासात—

हाताला ऊब वाटतेय. सहीच्या हाताला.

२१ जून

सगळं स्वच्छ. भिंती, पेले, तूरिदचा चेहरा. कुठेच काही नाही.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. लोकर, लोकर. कसली? एवढं घाबरण्यासारखं काय—

नाही. पान कोरं दिसतंय, पण बोटाखाली मऊ लागतंय. मऊ आणि कोमट. अंग चोरतंय.

बंदरात नेणाऱ्या वाटाड्याची होडी बाजूला लागली. तो शिडी चढतोय. त्याला सांगायला हवं, वर येऊ नकोस. एवढंच. चार शब्द सुद्धा नाहीत.

आला. तरुण आहे, गाल थंडीने लाल. सुनिव्हाने त्याला माझ्याकडेच पाठवलं, की जहाजावर सगळं ठीक आहे हे हाल्दिसलाच विचार, तिचा शब्द म्हणजे शब्द.

तो विचारतोय. हातमोजा काढून हात पुढे केलाय. आणि मी मान डोलाव—