‘अहो’ला दोन उत्तरं

मानसरोवर, जयपूर
रथसप्तमीनंतरचा सोमवार

ती. श्रीधरराव यांना,

उमाकांतचा साष्टांग नमस्कार. (आठांतली दोन अंगं हल्ली वाकत नाहीत, तेवढी सूट द्यावी.) तुमचे गुडघे कसे आहेत? सांगलीत थंडी पडली म्हणून तुम्ही फोनवर कुरकुरत होतात, पण तिला थंडी म्हणायचं धाडस इथला जानेवारी काढलेला माणूस करणार नाही. आम्ही उभयता सुखरूप आहोत. निदान पहिल्या परिच्छेदात सुखरूप असायची पद्धत आहे, ती मी मोडत नाही. तुमची बहीण तिळाच्या वड्या पाठवणार होती, पण यंदा पाक असा जमला की वड्या सुटायला बत्ता लागला. तुमच्या दातांचा विचार करून मी पार्सल अडवलं.

मागे रमा फोनवर ‘हातात यंत्र आहे, नंतर बोलते’ म्हणाली आणि ते कुठलं यंत्र, असं तुम्ही विचारलंत. ती हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण रमा ऐकत असते. गेल्या उन्हाळ्यात, युद्धाची हवा होती तेव्हा, इथे अंधाराची (म्हणजे ब्लॅकआउटची) तालीम झाली. भोंगा वाजला, साऱ्या कॉलनीने दिवे घालवले, आणि सगळ्यांनी एकदमच आपापल्या माणसांना फोन लावल्यामुळे कुणाचाच लागेना. मी दूध आणायला कोपऱ्यावर, रमा घरात एकटी. काळोखात पिशवी धरून उभा असताना मनात आलं, आता खरंच काही झालं तर हिला कळवायचं कसं? (माझा जन्म विमा कंपनीत गेला. लोकांना नवीन स्कूटर दिसते, मला अपघाताचा दावा दिसतो.) पुढच्याच आठवड्यात मी दोन वॉकीटॉकी मागवल्या, परवाना न लागणाऱ्या, भाजीबाजारापर्यंत पोचणाऱ्या. आमच्या संकेतने वैशाली नगरातून ‘बाबा, मतलब फोन आहे ना घरात’ एवढंच मत दिलं. वैशाली नगरापर्यंत आमचा सेट पोचत नाही, त्यामुळे त्या मताची दखल घ्यायचं कारण नव्हतं.

मग मी रमाला शिकवणी लावली. एक, बोलताना बटण दाबायचं. दोन, बोलून झालं की सोडायचं, कारण दाबूनच ठेवलं तर आपलं सगळं जगाला ऐकू जातं आणि जगाचं आपल्याला काहीच नाही. तीन, शेवटी ‘ओव्हर’ म्हणायचं. चार, आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यायचं. पहिले दोन तिने मान्य केले. ‘ओव्हर’ म्हणजे संपलं, आणि घरात संपलं असं म्हणू नये (आपण तांदूळसुद्धा ‘वाढले’ म्हणतो), म्हणून तिथे ती ‘बरं’ म्हणू लागली. चौथ्या नियमाला मात्र तिने साफ नकार दिला. नवऱ्याचं नाव तिने लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही तुमच्या आईने चिमटा काढल्यावर. आपत्कालीन प्रसंगी यमक जुळेपर्यंत थांबता येणार नाही, हे मी परोपरीने समजावलं. ती म्हणाली, ‘अहो’ म्हटलं की कळतं ना तुम्हाला? कळतं, हे मला कबूल करावं लागलं. चुकलं ते तिथेच.

भाद्रपदात एका सकाळी मी बाजारात असताना रमाने सेटवर सांगितलं, अहो, येताना कोथिंबीर आणा, बरं. मी बटण दाबायच्या आतच एका अनोळखी, घोगऱ्या आवाजाने उत्तर दिलं, “आणतो.” मी जागच्या जागी गार. आमच्या चॅनलवर मागच्या मॅरेज गार्डनमधले (म्हणजे इथलं उघड्यावरचं मंगल कार्यालय) केटरर अधूनमधून घुसतात आणि पनीर खतम झाल्याचं कळवतात, त्याची सवय होती. पण हे स्वच्छ मराठी होतं, आणि त्यात नवरेपणाचा कंटाळासुद्धा अगदी बरोब्बर मुरलेला होता. अर्ध्या तासाने तोच आवाज पुन्हा आला. बाई, माफ करा, तोंडातून निघून गेलं, पण कोथिंबीर आणली आहे, ती आता कुठे देऊ?

ते हणमंतराव. मागच्या दुसऱ्या गल्लीत राहणारे, विद्यापीठातून निवृत्त झालेले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची बायको विनयाताई शेवटची काही वर्षं वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. खाली स्वयंपाकघरात असताना तिची हाक ऐकू यावी म्हणून त्यांनी असलेच दोन सेट घेतले होते. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण ओट्यावरचा सेट बंद करायला हात धजावला नाही, म्हणून तो चालूच असे. त्यातून एक दिवस ‘अहो’ ऐकू आलं आणि त्यांनी ओ दिली. हे त्यांनी आमच्याच सोफ्यावर बसून, कोथिंबिरीची जुडी मांडीवर ठेवून सांगितलं. रमा डोळे पुसत चहा टाकायला गेली. मी चॅनल बदलायचा विचार करत होतो.

रमाने चॅनल बदलू दिला नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. उलट हणमंतरावांचा दुपारचा डबा आमच्याकडून जाऊ लागला आणि त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या खुंटीवर आली. इथवर मी सोसलं. पण दिवाळीनंतर त्या गृहस्थांनी कहर केला. रमाने ‘अहो’ म्हणायचा अवकाश, ह्यांचा ‘हो’ हजर. मग मी. मग रमा म्हणायची, तुम्ही नाही, हे. मग हणमंतराव म्हणायचे, ठीक आहे, आहेत ना ते, मग झालं. अहो, चाळीस वर्षांत मी पहिल्या हाकेला ओ दिलेली नाही, हे मान्य. पण न देण्याचा हक्क माझा होता, आणि तो दुसऱ्या कुणी परस्पर मोडीत काढावा हे मला खपलं नाही. मी रमाला सांगितलं की एकतर माझं नाव घे, नाहीतर मी उत्तर देणार नाही. ती म्हणाली, नका देऊ. मग मी सेट कमरेला लावून दिवसभर गच्चीवर उन्हात जाऊन बसू लागलो आणि कुठल्याच ‘अहो’ला उत्तर देईनासा झालो. (माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. हसू नका.)

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. रमाची पूजा मांडून झाली होती आणि आरतीला मी खाली हवा होतो. सेटवर आलं, अहो. मी गप्प. हणमंतरावही गप्प. थोड्या वेळाने पुन्हा, अहो. मला बरं वाटलं, म्हटलं, बघू आता कोण येतं. तिसऱ्या हाकेलाही कुणी बोललं नाही. मग जरा वेळ नुसती खरखर झाली आणि नंतर रमाचा आवाज आला.

“उमाकांत.”

ना राव, ना उखाणा. मी इतका चमकलो की नियमाप्रमाणे ‘काय आहे, ओव्हर’ असं उत्तर दिलं. पलीकडून काहीच नाही. मी खाली आलो तर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून बसलेली, हातात निरांजन, आणि चेहरा पांढराफटक. मला बघून तिने निरांजन पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, हणमंतरावही बोलत नाहीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि खुंटीवरची किल्ली घेऊन आम्ही दोघं मागच्या गल्लीत धावलो, म्हणजे आमच्या परीने धावलो.

हणमंतराव स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते, खुबा मोडलेला. शुद्धीवर होते. सेट वर ओट्यावर चालू होता आणि तिथवर हात पोचत नव्हता. रमाच्या तिन्ही हाका त्यांनी ऐकल्या होत्या. मला बघून ते पहिलं काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, तुम्ही का नाही हो उत्तर दिलंत, मला किती काळजी वाटली. जमिनीवर पडलेला माणूस माझी काळजी का करत होता, हे मला अजून उमगलेलं नाही. वेदनेत माणूस काहीही बोलतो.

ऑपरेशन झालं. पुण्याहून त्यांची मुलगी गार्गी आली आणि दोन आठवड्यांपूर्वी त्यांना कायमचं घेऊन गेली. जाताना त्यांनी आपला सेट रमाच्या हातात दिला आणि चार्ज करत जा म्हणाले. घराला कुलूप आहे. रमा अजूनही चुकून तीन माणसांची कणीक भिजवते. ‘अहो’ म्हटल्यावर एक क्षण थांबते, आणि मी आता पहिल्याच हाकेला ओ देतो, पण तिला त्याचा काही आनंद होत नाही. मलाही होत नाही, श्रीधरराव. त्या घोगऱ्या ‘हो’शिवाय चॅनल फार रिकामा वाटतो. काल केटररचं पनीर संपलं तर मी त्याला धीर दिला.

बाकी सर्व ठीक. घरातल्या लहानथोरांना नमस्कार-आशीर्वाद. (घरात तुम्ही एकटेच आहात हे लक्षात आहे. सगळे तुम्हीच घ्या.)

आपला,
उमाकांत

ता. क. एक राहिलं. होळी झाली की महिनाभर राहायला या. तिकिटं मी काढतो. डॉक्टर देवयानी म्हणतात की माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे आणि ती होळीनंतर बदलावी लागेल. हे मला गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून ठाऊक आहे. अंधाराच्या तालमीचं खरं, पण सेट काही नुसते तेवढ्यासाठी घेतलेले नाहीत. विमावाला असल्यामुळे वाचायची शक्यता किती ते मी विचारलंय आणि तुम्हाला सांगणार नाही. संकेतच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्याला कळवलेलं नाही. रमाला यातलं काहीएक माहीत नाही. तिला भीती वाटते, तिला मी आयत्या वेळी सांगेन. तुम्ही सहज आल्यासारखे या.

ता. क. (रमाचा) दादा, ‘वाचू नकोस, नुसतं चिकटव’ म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. झडपेचं मला दिवाळीपासून ठाऊक आहे. हे गच्चीवर डॉक्टरीणबाईंशी फोन स्पीकरवर टाकून बोलत होते आणि कमरेच्या सेटचं बटण खुर्चीच्या हाताला लागून दाबलं गेलं होतं. सगळं खाली ऐकू आलं. शक्यता किती तेही. मला मध्ये बोलता येईना. हणमंतरावांनीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले की रमाबाई, तुम्ही हाक मारत राहा, ते नाही बोलले तर मी आहे. म्हणून ते पहिल्या हाकेला ओ देत होते, आणि हे रुसून बसले.

त्या गुरुवारी हाका मारताना हणमंतराव माझ्या मनातही नव्हते. तीन हाका मारल्या आणि मला वाटलं, हे गेले. म्हणून नाव घेतलं. मला ठाऊक आहे हे यांना सांगू नकोस, लपवून ठेवल्याचं त्यांना तेवढंच समाधान आहे. पण तू ये. ऑपरेशनला आत नेताना त्यांच्या कमरेचा सेट काढून माझ्याकडे देतील. मग आमचे दोन्ही सेट माझ्याच हातात असतील.