पाणी मागायचा आवाज

८ सप्टेंबर, सोमवार

कुलूप! टॅब कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली केशवराव गुरुजींच्या खिशात. आठ महिने! कारण विचारलं तर म्हणाले, "फुटला तर जाब कोण देईल, सुवर्णाबाई? मी मार्चमध्ये रिटायर होऊन राह्यलो." माझा आवाज चढला. समता, विज्ञान, लेकरांचा हक्क – वीस मिनिटं! गुरुजींनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, किल्ली दिली नाही.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, बेल्याच्या आसपासच्या अकरा मराठी शाळा माझ्याकडे. शिक्षकांना ही यंत्रं वर्गात वापरायला शिकवणं – पगार त्याचा. भाषणाचा नाही.

९ सप्टेंबर

किल्ली मिळाली. माझ्यामुळे नाही.

तिसरीतली दीक्षा. सगळं समजतं, पण तोंडाचे स्नायू साथ देत नाहीत. शब्द बाहेर येत नाही. मंडळाचे – म्हणजे इथल्या तालुक्याचे – शिक्षणाधिकारी साहेब दसऱ्याच्या सुट्टीनंतर तपासणीला येणार. वर्गात उत्तर देत नसेल तर नाव काढून आदिलाबादच्या विशेष केंद्रात. आई मनकर्णा कापूस वेचायला जाते. रोज एवढ्या लांब पोरीला नेणार कोण? केंद्राच्या नावानं ती घरीच बसणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

आज मनकर्णा वर्गाच्या दारात उभी राहिली. "गुरुजी, मॅडम म्हणते त्या पाटीतून माही पोरगी बोलन. मग थे पाटी कपाटात काऊन?"

गुरुजींनी खिशात हात घातला. एवढंच!

१२ सप्टेंबर

टॅबवर चित्रं टाकली. चित्रावर बोट ठेवलं की आपण भरलेला आवाज बोलतो. चाळीस वाक्यं माझ्याच आवाजात भरली. "मला पाणी हवे आहे." "मला उत्तर माहीत आहे." खणखणीत! सभा गाजवलेला आवाज आहे हा.

१५ सप्टेंबर

दीक्षाने पाणी दाबलं. वर्ग खो खो हसला. दीक्षाने बोट मागे घेतलं, पुन्हा दिवसभर टॅबला शिवली नाही. मधल्या सुट्टीत तहानलेली बसून राहिली.

मी वर्गाला झापलं. दिव्यांगांचा सन्मान वगैरे. मयूरी – दीक्षाच्या शेजारी बसते, जिभेला हाड नाही – उठून म्हणाली, "मॅडम, आमी तिले नाई हसलो. तुमाले हसलो. पानी मांगाले कोनी असं बोलते काय? जसं काई मोर्चा निंगाला."

गुरुजी खोकले. ते हसणं होतं. मला ओळखू येतं.

१६ सप्टेंबर

चाळीसच्या चाळीस पुसली. वाईट वाटलं. लपवत नाही – वहीच्या पानापासून कसलं लपवायचं?

मयूरीच्या आवाजात पुन्हा भरली. "मले पानी पाहिजे." "मले येते." "सरक ना थोडी." शेवटचं माझ्या यादीत नव्हतं. दीक्षाने सर्वांत आधी तेच दाबलं. अकरा वेळा!

१९ सप्टेंबर

गुरुजींनी धड्यांची चित्रं स्वतः टाकली – नदी, डोंगर, पिकं. आवाज मयूरीचा. एका बोटानं टाइप करतात, प्रत्येक अक्षरानंतर चष्मा पुसतात. मला म्हणाले, तुम्ही आता दुसऱ्या शाळेत गेलात तरी चालेल. कौतुकच समजते.

४ ऑक्टोबर

घात! दसऱ्याला गुरुजींनी शाळा उघडून घंटेची, फळ्याची आणि टॅबची पूजा केली. हळद-कुंकू कालवून बोटं ओढली, ती नेमकी आवाजाच्या छिद्रांवर. आत गेलं, वाळलं. आता दीक्षाचा आवाज डासाएवढा. जुन्या ब्रशने तासभर घासलं. व्यर्थ. साहेब सोमवारी येणार!

यंत्राला कसलं कुंकू – भाषण ओठांवर आलं होतं. गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फुटेल म्हणून आठ महिने घाबरणाऱ्या माणसानं त्या पाटीला हत्यारांच्या पंगतीत बसवलं होतं. गिळलं भाषण.

६ ऑक्टोबर, सोमवार

साहेब तेलुगू, पण वीस वर्षं इथं. मराठी चांगली समजते. त्यांनी वर्गाला विचारलं – आपल्या आणि महाराष्ट्राच्या मधे कोणती नदी? दीक्षाचं बोट निघालं. काहीच ऐकू आलं नाही. साहेबांनी पेन उघडलं.

मी उभी राहिले! कुंकवापासून संविधानापर्यंत –

"मॅडम, चूप ना! दीक्षा बोलून राह्यली."

मयूरी. मी थांबले. गुरुजींनी पंखा बंद केला. बेचाळीस पोरं, सगळी गप्प. साहेब उठले, बाकाशी वाकले, टॅबला कान लावला. दीक्षाने पुन्हा दाबलं.

"पैनगंगा."

आणि मग, कोणी विचारलेलं नसताना – "मले येते." "सरक ना थोडी."

साहेब सरकले! हसू दाबत कागदावर लिहिलं – याच शाळेत.

मनकर्णा शेतात होती. मयूरी मधल्या सुट्टीची वाट न पाहता शेताच्या धुऱ्याने पळत सांगायला गेली. कोणीही अडवलं नाही.

१२ नोव्हेंबर

बालदिनाच्या कार्यक्रमाची यादी फळ्यावर लागली. बारा वर्षं भाषणापुढे माझं नाव. यंदा – दीक्षा. छिद्रं साफ झालीत, मजकूर तिनं चित्रं जोडून केलाय. सात ओळी. मी मयूरीला म्हटलं, ये, भरू. ती जागची हलली नाही.

"दीक्षाले तुमचा आवाज पाहिजे, मॅडम. पानी मांगाले नको. भाषनाले पाहिजे."

सकाळपासून तिच्या सात ओळी पाठ करतेय. एक शब्दही बदललेला नाही.