गेरूची खूण

१२ जून १९५७
तलावाचे पाणी तळाला गेले. लक्ष्मणभाऊजींनी सांडव्यावर बांबूची ताटी बांधली. मासा वाहून जाऊ नये म्हणून ढिवरांची जुनी रीत. पण ताटीला पालापाचोळा अडकला की पाणी तुंबते, सगळा भार पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर. पाळीखाली खालचा टोला, लहानशी वस्ती. माझी यमुना तिथेच दिली आहे. दुसऱ्या खेपेचा सातवा महिना.

१५ जून
भाऊजींना म्हटले, यंदा ताटी नको. म्हणाले, "वयनी, माह्या आज्यापासून पाळ फुटली नाई. आताच काऊन फुटन?"
पुडीच्या कागदावर पुराची बातमी वाचली होती. तिथलाही एक म्हातारा हेच सांगत होता.

२ जुलै
तीन वर्षांमागे हे, यमुनेचे बाबा, ताटी मोकळी करायला पाण्यात उतरले. ताटी सुटली. हे
लोक म्हणतात, त्यांची वेळ भरली होती. पाळ वाचली, असे कोणी म्हणत नाही.

९ जुलै
तोड निघाली. ताटी राहील, पण गाठ सरकफाशाची, ओढली की सुटणारी, आणि दोर काठावरच्या मोहाच्या झाडाला. पाण्यात कोणी उतरायचे नाही. पाळीच्या दगडावर मी गेरूने खूण केली. पाणी तिथे लागले की दोर ओढायचा. तेव्हा कोणाला विचारायचे नाही. भाऊजी हो म्हणाले.

४ ऑगस्ट
तीन दिवस पावसाची झड. सकाळी पाणी खुणेला. ओढला. ताटी गेली, मासे गेले. दुपारी ऊन पडले.

७ ऑगस्ट
बाजारात मागून कोणीतरी, "आली खूणवाली बाई." यमुनेची सासू म्हणाली, "तुमच्या भेवानं आमच्या ताटातली मासोळी गेली." भाऊजी पुढे चालू लागले.
ओढला नसता तर पाळ टिकली असती? कळायला मार्ग नाही. न ओढताच कळले असते.

२० ऑगस्ट
भाऊजींनी नवी ताटी बांधली. मला सांगितले नाही. जाऊन पाहिले. गाठ सरकफाशाचीच.

२६ ऑगस्ट
पुन्हा झड. पाणी खुणेखाली दोन बोटे. यमुनेला घरी आणायला गेले. आली नाही. "आई, मी वर आली, तं टोल्यातले बाकीचे कुठी जातीन?"

२७ ऑगस्ट
खुणेखाली एक बोट. पाऊस चालूच. सकाळी भाऊजी म्हणाले, "या खेपी खुणेवर एक बोट जाऊ द्या, वयनी."
आता निघते. भाऊजी आधीच पाळीवर जाऊन बसले आहेत. खुणेजवळ की दोराजवळ, इथून दिसत नाही.